हातावरचं बीपी म्हणजे हृदयातला भरण्याचा दाब नव्हे

नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘एकाच कप्प्याचं हृदय असलेल्या मुलाचं बीपी नॉर्मल असेल, तर फॉन्टान ऑपरेशनआधी कॅथेटर तपासणी नको, नुसता खर्च.’ हे चूक आहे. एकाच कप्प्याचं हृदय म्हणजे रक्त ढकलणारा कामाचा कप्पा एकच; फॉन्टान म्हणजे शरीरातून परतणारं रक्त थेट फुप्फुसांकडे वळवणारं ऑपरेशन; आणि कॅथेटर म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी. तो मेसेज वाचून सिडकोतल्या एका आईने तपासणीची ठरलेली तारीख पुढे ढकलली, म्हणून लिहितेय.

हाताला पट्टा बांधून मोजतात तो धमनीतला दाब, वरचा आकडा शंभर मिमी पाऱ्याच्या आसपास. डॉक्टरांना हवा असतो हृदय सैल पडून रक्त भरून घेतं तेव्हाचा दाब. तो त्याच मापात साधारण १०-१२च्या आत असावा लागतो. फॉन्टाननंतर फुप्फुसांकडे रक्त ढकलायला वेगळा पंपच नसतो, शिरांतलं रक्त आपसूक वाहत जातं. पुढे हृदयाच्या कप्प्यातच दाब चढलेला असेल, तर ते मागे तुंबतं. गोदेला पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरतं ना, तसंच. मग यकृत सुजतं, पोटात पाणी होतं, सकाळी पोराच्या पापण्या जड दिसतात.

इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं आकुंचन, झडपा छान दिसतात. पण या दाबाचा अंदाज अशा हृदयात चुकू शकतो. कॅथेटर तो थेट आत जाऊन मोजतो. काही मुलांना त्याऐवजी एमआरआय पुरतो, पण ते मुलाचे बालहृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. तारीख मिळालेल्यांनी त्यांच्याशी बोलल्याशिवाय ती रद्द करू नये.