जीन वुल्फ एकदाच वाचून सोडू नका

‘जे पुस्तक कळायला दोनदा वाचावं लागतं, त्याचा लेखक नापास.’ विज्ञानकथांचा विषय निघाला की कोणीतरी हे ऐकवतंच. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण अमेरिकी विज्ञानकथा लेखक जीन वुल्फ.

हा माणूस पेशाने इंजिनिअर. प्रिंगल्सचे वेफर्स ज्या यंत्रातून निघतात, ते तयार करण्यात त्याचा हात होता. ‘द बुक ऑफ द न्यू सन’ ही त्याची कादंबरी १९८० ते १९८३ या काळात चार भागांत आली. नायक सेव्हेरियन कैद्यांचा छळ करणाऱ्यांच्या संघात वाढलेला. एका कैदी बाईवर दया दाखवतो म्हणून त्याला हाकलतात. एवढ्यावरही पहिलं वाचन मस्त रंगतं, आणि ते रंगायलाच हवं. नुसतं दुर्बोध लिहून ‘पुन्हा वाचा’ म्हणणाऱ्यांची मी वकिली करत नाहीये.

पहिल्या भागातला एक प्रसंग बघा. एक म्हातारा जुनं चित्र पुसून स्वच्छ करत बसलाय. चित्रात ओसाड जमिनीवर चिलखतातला कोणीतरी उभा आहे. शिरस्त्राणाची काच सोनेरी, हातात काठी, तिला ताठ झेंडा. सेव्हेरियन विचारतो, हा चंद्र का? मी तर ऐकलंय तिथे बरंच पिकतं. म्हातारा म्हणतो, आता पिकतं, हे चित्र तिथे पाणी नेण्याआधीचं. बस्स. चांद्रमोहिमेचा फोटो आपण ओळखायचा, आणि मधे किती युगं लोटली असतील याचा हिशोबही आपणच करायचा. सेव्हेरियन ज्या मनोऱ्यात लहानाचा मोठा झाला तो मुळात अंतराळयान होता, हेही असंच. त्याच्यासाठी ते घर. घराबद्दल कोण कशाला समजावून सांगत बसेल?

म्हणून मला वुल्फ लपवाछपवी करणारा वाटत नाही. पत्ते सगळे उघडे टाकलेले असतात. प्रेतं बुडवलेल्या तळ्यात एक म्हातारा नावाडी मेलेल्या बायकोला शोधत फिरतो, आणि त्याच तळ्यातून डॉर्कस नावाची तरुणी बाहेर येते. पहिल्या वेळी आपण पान उलटून पुढे जातो. ती कोण, हे मी इथे फोडणार नाही. पण उमगल्यावर तीच पानं वाचताना पोटात खड्डा पडतो. जी. एं.च्या कथा पुन्हा पुन्हा काढून वाचणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

एक विनंती. उलगडा करून सांगणारे व्हिडिओ आधी बघू नका. उत्तर आयतं मिळतं, पण शोधण्यातली गंमत जाते.

चार भागांचा धसका घेतला असेल तर १९७२चं ‘द फिफ्थ हेड ऑफ सर्बेरस’ घ्या. एकमेकांत गुंतलेल्या तीन दीर्घकथा. तिसरीत एक अधिकारी कैद्याचे कागद आणि टेप हाताला येतील तसे, उलटसुलट क्रमाने चाळतो. स्वतःला मानववंशशास्त्रज्ञ म्हणवणारा तो कैदी खरा कोण, याचा पुरावा त्याच कागदांत आहे. अधिकाऱ्याला तो दिसत नाही. तुम्हाला दिसला तर मला इनबॉक्समध्ये कळवा. पण दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर.