झोपेत पैसे कमवायचे? मग बसचं वेळापत्रक कोण तपासणार?

एक मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचा सारांश असा: आपल्या परिसराची उपयोगी माहिती ब्लॉगवर लिहा. एकदा लिहिलं की झालं, स्पर्धा नाही, वाचक गूगल आणतं आणि जाहिराती झोपेतही पैसे देतात. मी असा ब्लॉग चालवतो, म्हणून हा खटाटोप.

‘एकदा लिहा’ इथेच घोडं पेंड खातं. कविता एकदा लिहून सोडता येते, बसचं वेळापत्रक कसं सोडणार? एक दाखला कुठे आणि कसा मिळतो यावर मी सविस्तर लिहिलं होतं: इमारत कोणती, खिडकी कोणती, फोटो किती, मूळ कागद कुठले. वर्षभराने एका वाचकाचा मेल आला. कार्यालय कधीच दुसरीकडे हललं होतं. बिचारा सुट्टी काढून गेला आणि कुलूप बघून परतला. दोनच ओळी होत्या, शिवी एकही नव्हती, पण मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘शेवटचं तपासलं’ म्हणून तारीख टाकतो. ती तारीख खरी ठेवायची तर फोन करावे लागतात. फोन कोणी उचलत नाही, मग स्वतः जाऊन दारावरची पाटी वाचायची. ४० पानं वर्षातून दोनदा तपासायची म्हटली तरी ८० खेपा झाल्या. यात झोप नेमकी कधी घ्यायची?

‘स्पर्धा नाही’ हे खरं आहे. शोधणारेच मूठभर, तर स्पर्धा करायला कोण येणार?

‘वाचक गूगल आणतं’ हे पूर्वी बरंचसं खरं होतं. आता पत्ता, फोन, उघडण्याची वेळ नकाशावरच दिसते. त्यात २०२४ पासून ‘एआय ओव्हरव्ह्यू’ आले, म्हणजे शोधाच्या पानावर वरच तयार सारांश. एका ओळीत संपणाऱ्या उत्तरासाठी तुमच्या ब्लॉगवर कोणी येत नाही. येतात ते अडलेले लोक: अर्ज कशामुळे परत येतो, आधी कुठल्या खिडकीवर शिक्का घ्यायचा, झेरॉक्सवर स्वतः सही केली तर चालते का. हे रांगेत उभं राहिलेल्यालाच ठाऊक असतं. (लिहिल्यावर तेही सारांशात उचललं जातं, ते दुखणं वेगळं.)

आता पैसे. ब्लॉगवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या सेवेत, म्हणजे अ‍ॅडसेन्समध्ये १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने पिन येतो. पैसे हातात पडायला मात्र बहुतेकांना १०० डॉलरची वाट बघावी लागते. हिशेबापुरतं हजार वाचनांमागे १ डॉलर धरू. म्हणजे १०० डॉलरसाठी लाखभर वाचनं हवीत. महिन्याला दोन हजार वाचनं असतील तर पहिली रक्कम चार वर्षं दोन महिन्यांनी! मग धीर सुटलेले काही महाभाग स्वतःच्याच जाहिरातींवर क्लिक करत बसतात आणि खातं गमावतात.

त्यापेक्षा परिसरातल्या एखाद्या व्यावसायिकाकडून ठरावीक रकमेची जाहिरात थेट घेतलेली परवडते. फक्त ती जाहिरात आहे हे पानावर ठळक लिहावं. पैसे घेऊन ‘इथेच जा’ असं माहितीच्या ओघात घुसडलं की पुढच्या पानावरच्या खऱ्या माहितीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मला काही मिळत नाही असं नाही. डोमेनचं, म्हणजे ब्लॉगच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचं, वर्षाचं भाडं निघतं, वर थोडं उरतं. त्याला मी पगार म्हणत नाही आणि ‘पॅसिव्ह’, म्हणजे बसल्याजागी येणारी कमाई, तर मुळीच नाही. त्या दाखल्याचं पान मी मेल आला त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं आणि आज सगळ्यात जास्त वाचक त्याच पानावर येतात. कार्यालय पुन्हा हलणार असं कानावर आलंय. सोमवारी जाऊन बघायला हवं.