फोटोतले लोक कपडे कुठं बदलून राहिले?

मागच्या रविवारी आमच्या भागातल्या स्विमिंग पूलच्या नूतनीकरणाची मीटिंग झाली. पडद्यावर थ्रीडी चित्रं. नवी कमान, निळे लाइट, पोट्ट्यांसाठी घसरगुंडी, कोपऱ्यात कॅफे. पाण्यात असे गोरेगोमटे लोक की नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, ते कधी नागपुरात राहिले नसावेत. सगळे खूश. तेवढ्यात आमच्या लेडीज बॅचच्या काकू मागून म्हणाल्या, "भाऊ, मस्त आहे सगळं. पण फोटोतले लोक कपडे कुठं बदलून राहिले?"

हॉल हसला. प्लॅन दाखवणारे साहेब म्हणाले, "मॅडम, ते दुसऱ्या टप्प्यात."

मी हसले नाही, कारण तो "दुसरा टप्पा" मी रोज बघते. गुडघ्यांपायी छेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले, तेव्हापासून. महिलांच्या चेंजिंग रूममध्ये खुंटी एकच. दाराची कडी कधीच गेली, तिच्या जागी सलवारीची नाडी बांधलेली आहे. कुणाची, ते आजवर कळलं नाही. एका हातानं नाडी धरायची, बॅग दातात, आणि उरलेल्या हातानं ओला कॉस्च्यूम सोलायचा. फरशी गुळगुळीत ग्लेझ्ड. दोघी पडलेल्या मी स्वतः पाहिल्या.

आता कोणी म्हणेल, बायकांच्या सोयीचं रडगाणं. नाही भाऊ, हा पाण्याचाच मामला आहे. आमच्याकडे चार शॉवरपैकी एक चालतो, तोही पूलच्या पलीकडे. मग ४५ डिग्रीत स्कूटरवरून आलेला माणूस घामासकट थेट उडी मारतो. पूलवर नाकात जातो तो उग्र वास, ज्याला आपण "क्लोरीन जास्त झालं" म्हणतो, तो बहुतेक वेळा क्लोरीनचा नसतोच. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून क्लोरामाइन बनतात, डोळे चुरचुरतात ते त्यांनी. आधी अंग धुतलं की तो त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणजे पाणी स्वच्छ ठेवायची सुरुवात चेंजिंग रूममध्ये होते, आणि तीच या प्लॅनमध्ये मागं ढकलली आहे.

दुसरी गोष्ट गळतीची. आमचे पंपवाले भाऊ फार शिकलेले नाहीत, पण मे महिन्यात त्यांनी पूलच्या पायरीवर पाण्याची बादली ठेवली. आतल्या पाण्याला एक खूण, बाहेरच्या पाण्याला एक. बादली आणि पूल, दोघांवर ऊन सारखंच, म्हणजे वाफ होऊन उडणारं पाणीही सारखंच. चोवीस तासांनी बादली एक सेंटिमीटर उतरली, पूल तीन. उरलेले दोन सेंटिमीटर जमिनीत गेले. आपला पूल २५ बाय साडेबारा मीटरचा. हिशेब केला तर रोज सहा हजार लिटरच्या वर. रोज एक टँकर! २०१९ च्या जुलैत नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं आणि शहराला दिवसाआड पाणी आलं, ते आपण इतक्या लवकर विसरलो? भाऊंनी हे आकडे पंपरूमच्या भिंतीवर खडूनं लिहिलेत. मीटिंगमधलं कोणी तिकडं फिरकलं नाही. प्लॅनमध्ये पंपरूमला फक्त रंग आहे. फिल्टरमधली वाळू शेवटची कधी बदलली, या प्रश्नावर साहेबांनी चहा मागवला.

आणि काम काढायचं कधी, तर म्हणे जुलैत, "गिऱ्हाईक नसतं तेव्हा". अहो, आपली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते. भरलेला पूल आपल्या वजनानं बसून राहतो. भर पावसाळ्यात रिकामा केला की खालचं पाणी त्याला वर ढकलतं आणि तळाला भेगा जातात. आहे ती गळती दुप्पट करायची असेल तर जुलै उत्तम! दिवाळी झाली की काढा आणि होळीच्या आत भरा, एवढं साधं आहे.

कांचनमाला पांडे आपल्या नागपूरच्या. दिसत नसताना २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिडलेचं, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं त्यांनी. अशा शर्यतीत भिंत जवळ आली की काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीनं पोहणाऱ्याला स्पर्श करतो. त्या उद्या आमच्या पूलवर आल्या तर भिंतीचं सोडा, चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंत तीन पायऱ्या, दोन वळणं आणि एक उघडी नाली आहे. रॅम्प? चित्रात कॅफेला आहे, ट्रॉलीसाठी.

घसरगुंडीला माझा विरोध नाही. पोट्टे खूश होतील, मीही एकदा बसून बघीन. पण पैसा आधी गळती, फिल्टर, शॉवर आणि चेंजिंग रूमवर लागू द्या. उरला तर कमान करा, नाही उरला तर जुनं गेट काही पडून नाही राहिलं.

येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे, अकरा वाजता. बॅचच्या सगळ्या या. मी इतवारी बाजारातून स्टीलची कडी आणली आहे, क्लोरीनमध्ये साधी लोखंडी टिकत नाही. स्क्रू सोबत आहेत, ड्रिल मशीन कोणाकडे असेल तर आणा.