परंपरावादी ग्रंथ सत्तेची तळी उचलतात काय?

राजकारण, शासन आणि स्वातंत्र्य यांवर परंपरावादी भूमिकेतून लिहिलेली पुस्तके वाचण्यात वेळ दवडू नये, असा एक दावा बराच फिरतो आहे. त्यामागची कारणे थोडक्यात अशी : हे लेखक सत्तेची आणि साम्राज्याची तळी उचलतात, त्यांना कोणताच बदल नको असतो, सरकारने हात बांधून बसावे असे त्यांचे म्हणणे असते, आणि आपल्याकडे परंपरा म्हणजे जात, तेव्हा परंपरेची वकिली करणारी परकी पुस्तके आपल्या काय कामाची? यांतला शेवटचा आक्षेप वजनदार आहे. बाकीचे, मूळ पुस्तके उघडली की टिकत नाहीत.

तळी उचलण्याचा आरोप आधी पाहू. या विचाराचा मूळपुरुष मानला जाणारा एडमंड बर्क डब्लिनमध्ये जन्मलेला, ब्रिटिश संसदेत बसणारा आणि पक्षाने व्हिग, म्हणजे राजाच्या सत्तेवर संसदेचा अंकुश हवा असे मानणाऱ्या गटातला होता. अमेरिकेतील वसाहतींशी समेट करा, असे त्याने १७७५ मध्ये संसदेला बजावले आणि उतारवयातली कितीतरी वर्षे ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगात घातली. फेब्रुवारी १७८८ मध्ये सुरू झालेल्या या खटल्यातले बनारसचे प्रकरण मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे. फ्रान्सशी आणि मराठ्यांशी, पुढे हैदरअलीशीही लढताना कंपनीची तिजोरी आटत चालली होती. तेव्हा बनारसच्या राजा चैतसिंगाकडे ठरलेल्या वार्षिक भरण्याखेरीज दरसाल आणखी पाच लाख रुपये मागण्यात आले, आणि तो चालढकल करतो असे दिसताच त्याच्यावर पन्नास लाखांचा दंड बसवण्याचा बेत हेस्टिंग्जने केला. बचाव असा होता की आशियात राजे मनमानीच करत आले आहेत, म्हणून तिथल्या कारभाराला इंग्लंडची मापे लावू नयेत. प्रदेशागणिक नीती बदलते हा युक्तिवाद बर्कने धुडकावला. इस्लामी कायद्याचे आणि तैमूरच्या नावावर असलेल्या राज्यनीतीचे दाखले देऊन, आशियातही राजा कायद्याखालीच असतो, असे त्याने मांडले. पुढे जाऊन तो म्हणाला की मनमानी सत्ता कंपनीकडे नाही, राजाकडे नाही, संसदेकडेही नाही. मग ती हेस्टिंग्जला देणार कोण? हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला. पण हे युक्तिवाद वाचून ज्याला त्यात साम्राज्याची भाटगिरी दिसते, त्याने ते वाचलेच नसावेत, अशी शंका घ्यायला जागा आहे. (बर्कचे आजचे बरेच चाहतेही ही भाषणे वाचत नाहीत, हे जाता जाता नोंदवतो.)

बदल नको, हा आरोप बर्कच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील १७९० च्या ग्रंथावरून येतो. ज्या राज्यात बदलाची सोय नाही त्यात टिकून राहण्याचीही सोय नसते, असे त्याच ग्रंथात लिहिले आहे. त्याची तक्रार होती ती सगळे जुने एकदम मोडून कागदावरच्या आराखड्यानुसार नवा समाज उभारण्याविषयी. त्यातून अखेर एखादा लोकप्रिय सेनापती सैन्य आणि सत्ता हाती घेईल, असा इशारा त्याने दिला, तेव्हा नेपोलियनची सत्ता नऊ वर्षे दूर होती. अर्थात ग्रंथ एकांगी आहे. फ्रान्सच्या राणीच्या हालांनी हळहळणाऱ्या बर्कला फ्रेंच शेतकऱ्याची उपासमार तितकी दिसत नाही, आणि तो पिसाऱ्याची कीव करतो पण मरणारा पक्षी विसरतो, हा राज्यक्रांतीचा कैवारी लेखक टॉमस पेन याचा बर्कला दिलेल्या उत्तरातला १७९१ मधला टोला बरोबर बसतो.

सरकारने काहीच करू नये, असे कोण म्हणते, हे शोधूनही फारसे सापडत नाही. परंपरावाद्यांच्या यादीत हमखास ओढला जाणारा अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेक नियोजित अर्थव्यवस्थेवर तुटून पडणाऱ्या १९४४ च्या पुस्तकातच अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी सर्वांना देता येईल, असे मान्य करतो. शिवाय आपण परंपरावादी का नाही, यावर त्याने १९६० मध्ये स्वतंत्र लेखच लिहिला. आपल्याकडचे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. बर्क त्यांच्या अभ्यासातला होता. १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी, रयत दुष्काळाने गांजलेली असताना सरकारी खजिन्यात शिल्लक पडते याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतले जातात, असे सरकारला सुनावले आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. त्याच गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सरकारने कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये, हा विवेक त्यांच्या ठायी होता. त्याला निष्क्रियता म्हणता येणार नाही.

आता जातीचा आक्षेप. परंपरेचा हवाला देऊन अन्याय राखला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलींशी शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला लोकमान्य टिळकांनी विरोध केला, तेव्हा परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत पडू नये हा त्यांचा मुद्दा राजकीयदृष्ट्या कितीही सुसंगत असला, तरी त्याची किंमत अल्पवयीन मुलींनी मोजायची होती. दीर्घकाळ टिकलेली गोष्ट मोडण्याआधी तिचा उपयोग तपासा, एवढेच बर्कचे म्हणणे मानले, तर तपासणीत नापास झालेली गोष्ट मोडायला त्याची आडकाठी राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरील १९३६ च्या आपल्या भाषणात बर्कचेच वचन उद्धृत केले आहे : खरा धर्म हा समाजाचा पाया होय. त्या आधारावर त्यांनी नियमांच्या धर्माऐवजी तत्त्वांचा धर्म मागितला. परकी आणि परंपरावादी पुस्तके जातीचेच रक्षण करतात, असे म्हणणाऱ्यांनी या एका वचनाच्या वापराचा उलगडा करावा.

ज्यांना वाचायचे आहे त्यांनी बर्कच्या राज्यक्रांतीवरील ग्रंथापासून सुरुवात करू नये. कंपनीच्या कारभाराविषयीचे त्याचे डिसेंबर १७८३ चे भाषण आधी घ्यावे, मग १७९० चा ग्रंथ, आणि तो संपताच पेनचे उत्तर.