केस मिटली म्हणून गप्प बसू नका
अमेरिकन नागरिकत्वावरच्या लेखात लिहिलंय की जुनी पोलीस केस मिटली असेल तर नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूत सांगायची गरज नाही, हे चुकीचंय हो. नागरिकत्वाच्या अर्जाच्या एन-४०० फॉर्मवर सरळ विचारतात, कधीही अटक झाली का, ताब्यात घेतलं होतं का, मग निकाल काही का लागेना. आमचा मावसभाऊ सांगलीचा, कॉलेजात असताना गणपतीच्या मिरवणुकीत मारामारी झाली नि एक रात्र लॉकअपात, पुढं कोर्टातनं सुटला. नागरिकत्वाचा अर्ज करताना मामा म्हणाले गप बस की, तिकडं कुणाला कळतंय! त्यानं ऐकलं नाही, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढायला कोर्टात चार हेलपाटे घातले (झेरॉक्स चालत नाही म्हणे), इंग्रजी भाषांतर जोडलं. ऑफिसरनं शपथ घ्यायला लावून दोनच प्रश्न विचारले नि पुढं गेला. लपवलं असतं तर मारामारी राहिली बाजूला, खोटं बोलल्याचंच लचांड मागं लागलं असतं. मामा अजून म्हणतात उगाच सांगितलंस.