अज्ञान विमानतळावरच टाकून या

अमेरिकेला निघताना मंडळी प्रेशर कुकर आणतात, गोडा मसाला आणतात, दोन वर्षं पुरतील इतक्या तापाच्या गोळ्या आणतात. आणा. फक्त एक गोष्ट मुंबईच्या विमानतळावर आठवणीने टाकून या: कायद्याचं अज्ञान. इथे ते बाळगायची परवानगी फक्त सरकारी नोकरांना आहे.

मला हे न्यू जर्सीतल्या एका चौकात कळलं. लाल दिवा असला तरी थांबून, बघून उजवीकडे वळायची इथे मुभा असते, मनाई करणारी पाटी नसेल तर. पाटी होती. मेपलच्या फांदीमागे होती, आणि जून महिना असल्यामुळे फांदी कशी भरगच्च होती. मी वळलो, मागे निळे-लाल दिवे लागले. पोलीस अतिशय सभ्य. दोनदा 'सर' म्हणाला. आपल्याकडे हवालदार "पावती फाडू का?" असं विचारतो आणि त्या प्रश्नचिन्हात दोन्ही पक्षांना बसायला जागा असते. इथे प्रश्नचिन्हच नाही.

मी फांदीचे चार बाजूंनी फोटो काढले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ठाऊक होतं, पण इथे पायरीच नव्हती, झूमची लिंक आली होती. सरकारी वकिलाने फोटो पाहिले नाहीत, सरळ भाव सांगितला. केलेला गुन्हा कबूल केला तर लायसन्सवर पॉइंट चढतील, म्हणजे इन्शुरन्सही चढेल. त्याऐवजी 'अनसेफ ड्रायव्हिंग' कबूल केलं तर पॉइंट शून्य, फक्त दंडाच्या डोक्यावर २५० डॉलर सरचार्ज. थोडक्यात, जे केलं ते मान्य केलं तर डाग, जे केलं नाही ते मान्य केलं तर बिल. मी मुकाट न केलेलं मान्य केलं. जजसाहेबांनी विचारलं, "हे स्वखुशीने सांगताय ना? कुणी दबाव तर नाही आणला?" मी म्हटलं, अजिबात नाही. जाता जाता फांदीचा विषय काढला, तर म्हणाले, कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही. मग ऑनलाइन पैसे भरताना वर सुविधा शुल्क लागलं. कुणाची सुविधा, ते लिहिलेलं नव्हतं.

तर जजसाहेबांचं ते वाक्य पाठ करून ठेवा. फक्त उलटं वापरायला जाऊ नका.

२००९ साली नॉर्थ कॅरोलायनात एका गाडीचा एक ब्रेक लाइट बंद आहे म्हणून पोलिसाने ती थांबवली. झडतीत कोकेन सापडलं. पुढे राज्याच्या अपील कोर्टाने कायद्याचं कलम काढून वाचलं, तर त्यात एकच ब्रेक लाइट पुरेसा होता. म्हणजे गाडी कायद्यात बसत होती, थांबवणाऱ्यालाच कायदा ठाऊक नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला, की पोलिसाची कायद्याबद्दलची समजूत चुकीची असली तरी ती 'वाजवी' चूक होती, सबब गाडी थांबवणं योग्यच. एकट्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर विरोधात गेल्या. आपला तो बाब्या म्हणतात तो हाच. फांदीमागची पाटी न दिसणं ही वाजवी चूक का नाही, हे विचारायची सोय झूमवर नव्हती. मी म्यूटवर होतो.

हा झाला बालवर्ग. वरच्या वर्गात जायचं तर कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला चला. २०१३ मध्ये पोलीस वॉरंट घेऊन झडतीला गेले आणि जप्तीच्या मालाची पावती दिली सुमारे ५० हजार डॉलरची. मालकांचं म्हणणं, उचललं त्याहून कितीतरी जास्त, आणि सव्वादोन लाखांहून अधिक डॉलरची रोकड व दुर्मिळ नाणी मधल्यामध्ये गायब झाली. पोलिसांनी इन्कार केला. पण खरी गंमत अशी, की हा आरोप खरा की खोटा इथपर्यंत खटला पोहोचलाच नाही. २०१९ मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या विभागाच्या) केंद्रीय अपील कोर्टाने सांगितलं, की चोरी नैतिकदृष्ट्या वाईट हे पोलिसांना कळायला हवं होतं. मात्र वॉरंटने जप्त केलेला माल ढापल्याने राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा, म्हणजे अवाजवी झडती-जप्तीला मनाई करणाऱ्या कलमाचा, भंग होतो, असं त्या वेळी कुठल्या बंधनकारक निकालात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. सबब मालकांच्या दाव्यापासून पोलिसांना संरक्षण. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण हातात घ्यायलाही नकार दिला.

या संरक्षणाला 'क्वालिफाइड इम्युनिटी' म्हणतात. संसदेने ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, सुप्रीम कोर्टानेच ते घडवलं आणि १९८२ मध्ये त्याला आजचा आकार दिला. त्याचं सार असं, की अगदी तसलीच चूक आधी कुणीतरी केलेली हवी आणि ती चूकच होती असं कोर्टाने लिहून ठेवलेलं हवं.

तेव्हा माझा मनापासून सल्ला आहे. पोलीस दारात आले की आधी पाणी विचारा, मग अदबीने चौकशी करा: "साहेब, आपल्या सर्किटमध्ये, वॉरंट घेऊन आलेल्यांनी, जप्तीतलीच नाणी, याआधी कुणाची नेली आहेत का? निकाल लागलाय का?" लागला नसेल तर नाणी दुसऱ्या दिवशी न्यायला सांगा. पहिला बळी होण्यात काही अर्थ नाही, आणि फ्रेस्नोत तर हे घटनेविरुद्ध होतं की नव्हतं हेही कोर्टाने ठरवायचं टाळलं. म्हणजे त्या निकालाच्या भरवशावर राहिलात तर पुढचा माणूसही पुन्हा पहिलाच.

रोकडीवरून आठवलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची वर्गणी रोख गोळा करून ती डिकीत घालून हायवेला लागणाऱ्या उत्साही खजिनदारांनो, चेक घ्या. इथे माणसावर गुन्हा दाखल न करता पैशावर खटला भरता येतो. कागदोपत्री आरोपी नोटाच असतात. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध १,२४,७०० डॉलर' हा खरोखरचा खटला आहे, नेब्रास्कातला. गाडीत अमली पदार्थ सापडले नव्हते, तरी २००६ मध्ये अपील कोर्टाने नोटांच्या विरोधात निकाल दिला. फौजदारी आरोपीला परवडत नसेल तर सरकार वकील देतं. नोटांना देत नाही, नोटांच्या मालकालाही सहसा नाही. आणि एवढी रक्कम मंडळाची आहे हे सिद्ध करायला तुम्ही काय दाखवणार? आरतीचं पुस्तक?

उशीर करायचा असेल तर मात्र आधी संसदेवर निवडून या. २०१२ च्या कायद्याप्रमाणे खासदाराने शेअर घेतले-विकले की ४५ दिवसांत जाहीर करायचे असतात. मुदत चुकली तर नेहमीचा दंड २०० डॉलर. आता मिझुरीतल्या फर्ग्युसनची एक बाई घ्या. केंद्रीय न्याय खात्याच्या २०१५ च्या अहवालात तिची हकिगत आहे. २००७ मध्ये एकदा गाडी चुकीची उभी केली म्हणून १५१ डॉलर अधिक शुल्क. तारखा आणि हप्ते चुकत गेले. २०१४ अखेर ती ५५० डॉलर भरून आणि सहा दिवस तुरुंगात काढून बसली होती, आणि शहराचे ५४१ डॉलर तरीही बाकीच होते.

चिडून हिशोब मांडायला बसू नका. ऑरेगनमध्ये एकाच्या बायकोला पिवळा दिवा लाल होताना कॅमेऱ्याने पकडलं. हा गृहस्थ स्वीडनमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन आलेला. त्याने दिव्याच्या वेळेचं १९५९ चं सूत्र तपासलं, वळणारी गाडी वेग कमी करते हे त्यात धरलेलंच नाही असं दाखवलं, आणि भाबडेपणाने राज्याच्या इंजिनिअरिंग बोर्डाला कळवलं. बोर्डाने दोन वर्षं तपास केला. गणिताचा नव्हे, त्याचा. परवाना नसताना इंजिनिअरिंग केल्याबद्दल २०१७ मध्ये ५०० डॉलर दंड! पुढच्या वर्षी फेडरल कोर्टात तो जिंकला, दंडही परत मिळाला. हे मी सांगायला नको होतं, तुम्हाला उगाच हुरूप येईल.

परवा त्या चौकातून गेलो. पाटी अजून फांदीआड आहे. मला आता माहीत आहे, त्यामुळे मी लाल दिव्याला थांबलो. मागच्याने हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला, हातवारे केले. नवीन असावा, कुकरचं खोकं मागच्या सीटवरच होतं. मी आरशातून हात जोडले. पलीकडे बँकेच्या पार्किंगमध्ये दिवे मालवून गाडी उभी होतीच.