हिप टू गेबल, डॉर्मर आणि ५० घनमीटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: 'लॉफ्टसाठी (छपराखालच्या खोलीसाठी) छपराचा आकार बदलला तरी इंग्लंडमध्ये बऱ्याच घरांना प्लॅनिंग परमिशन लागत नाही' हे माझं वाक्य दिशाभूल करणारं आहे. पश्चिम लंडनमधल्या तुमच्या मेहुण्यांनी हिप टू गेबल (बाजूचं उतरतं पाखं काढून तिथे त्रिकोणी भिंत उभी वर नेणं) आणि मागे डॉर्मर (पाख्यातून बाहेर काढलेला, उभ्या भिंतीचा भाग) असा आराखडा दिला. वाढीव आकारमान ४९ घनमीटर, म्हणजे ५० च्या आत होतं, तरी कौन्सिलने लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (कामाला परमिशन लागत नाही असा दाखला) नाकारलं. शेजाऱ्यांनी मात्र कुणालाही न विचारता तसंच बांधलं. तेव्हा नियम-बियम काही नाही, सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, असं तुमचं म्हणणं.

नकाराचं कारण बहुधा तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. घर 'चार घरांच्या रांगेतलं शेवटचं' आहे, असं तुम्ही लिहिलंय. कुठली कामं परमिशनशिवाय चालतात ते ठरवणाऱ्या २०१५ च्या परमिटेड डेव्हलपमेंट आदेशानुसार तीन किंवा जास्त घरांची रांग म्हणजे टेरेस, आणि रांगेच्या टोकाचं घरही टेरेसच. टेरेसला मर्यादा ४० घनमीटर. ५० ची सूट सेमी-डिटॅच्ड (दोनच घरांची जोडी) आणि डिटॅच्ड (सुट्या) घरांना. टोकाच्या घराला एक मोकळी भिंत असते, छपराला तिसरं पाखं असतं, म्हणून ते सेमीसारखं दिसतं आणि माणसं ५० धरून चालतात. अधिकाऱ्याला इथे मर्जी वापरायला जागाच नव्हती. सर्टिफिकेटच्या अर्जात डिझाइन चांगलं की वाईट हा प्रश्नच नसतो. मर्यादेत बसतं की नाही, एवढंच पाहतात, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची असते.

हा आकडा कसा येतो तेही पाहा. मोजमाप बाहेरून घेतात, आतल्या खोलीचं नाही. समजा घर पुढून मागे ८ मीटर, वळचणीपासून आढं ३ मीटर उंच आणि बाजूचं उतरतं पाखं आडव्या मापात ४ मीटर आहे. त्या टोकाला आज जे छप्पर आहे त्याचं आकारमान ८ × ४ × ३ चं एक तृतीयांश, म्हणजे ३२. त्रिकोणी भिंत उभी वर नेली की ते त्याच गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे ४८ होतं. हिप टू गेबलची निव्वळ वाढ १६ घनमीटर. आता डॉर्मर. त्याचं सपाट छप्पर आढ्याच्या उंचीला नेलं आणि खाली नियमाप्रमाणे पाख्यावर २० सेंटीमीटर सोडले, तर छेदात ३.८४ मीटर आडवा आणि २.८८ मीटर उभा त्रिकोण उरतो. दर मीटर रुंदीला साडेपाच घनमीटरच्या आसपास. ६ मीटर रुंद डॉर्मर म्हणजे ३३. बेरीज ४९. तुमच्या मेहुण्यांच्या घराची मापं मला ठाऊक नाहीत, पण त्यांचा आकडा अशाच काहीशा रचनेतून आला असणार. सेमीला हे बसलं असतं. (सेमीलाही डॉर्मर साडेसहा मीटर केला की ५२ होतात, म्हणून ड्रॉइंगवर नुसती बेरीज न लिहिता प्रत्येक तुकड्याचं गणित मांडावं.)

४० च्या हिशेबात आधीच्या मालकाने केलेली छपराची वाढही धरतात. मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी होतं तसं, किंवा त्यानंतर बांधलं असेल तर बांधलं तसं.

आकारमान बसूनही काम अडतं ते इतर अटींवर. रस्त्याकडच्या दर्शनी पाख्याच्या बाहेर काही काढता येत नाही, म्हणून पुढचा डॉर्मर परमिशनशिवाय नाहीच. आढ्याच्या वर जाता येत नाही. कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी ठरवलेल्या भागात) ही सूट मुळातच नाही, आणि फ्लॅटना कुठेही नाही. नव्या वसाहतींत मूळ परवानगीतच परमिशनशिवाय बांधायचे हे हक्क काढून घेतलेले असू शकतात, ते जुनं डिसिजन नोटीस काढून वाचल्याशिवाय कळत नाही. नव्या त्रिकोणी भिंतीत जिन्याला खिडकी ठेवली तर काच अपारदर्शक हवी आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खालचा भाग उघडणारा नको. डॉर्मरच्या खाली सोडायचे ते २० सेंटीमीटर कौलांच्या कडेपासून मोजायचे, पन्हळीपासून नाही. वळचण आखूड असलेल्या घरात बिल्डर डॉर्मरची भिंत थेट बाहेरच्या भिंतीवर चढवतो आणि ड्रॉइंग बरोबर असूनही काम चुकतं.

शेजाऱ्यांचं उदाहरण घेऊ नका. हरकत न येणं म्हणजे काम कायदेशीर असणं नव्हे. २५ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर पूर्ण झालेल्या कामावर कौन्सिल १० वर्षांपर्यंत कारवाई करू शकते. आधी ही मुदत ४ वर्षं होती. मर्यादा ओलांडली तर फक्त वरचे ९ घनमीटर बेकायदा ठरत नाहीत, अख्खं काम ठरतं. कारवाई झाली नाही तरी घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर (वकील) कागद मागतोच. बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकामाच्या सुरक्षिततेच्या नियमांचं) प्रमाणपत्र दाखवून त्याचं समाधान होणार नाही. ती मंजुरी वेगळी.

'मग सरळ प्लॅनिंग परमिशनच घ्यावी' हा तुमचा सल्ला सरसकट मला पटत नाही. सर्टिफिकेटची फी परमिशनच्या निम्मी, आणि त्यात शेजाऱ्यांना छप्पर आवडतं का हे विचारात घेतलं जात नाही. परमिशनमध्ये मात्र कौन्सिलची डिझाइन धोरणं लागू होतात. डॉर्मर आढ्यापासून खाली आणि दोन्ही बाजूंनी आत हवा, असं त्यांत बरेचदा असतं, आणि हिप काढून रांगेचा तोल बिघडतो म्हणून नकारही येतो.

म्हणून मेहुण्यांनी आधी ४० च्या आतला आराखडा करावा. वरच्या मापांत हिप टू गेबलचे १६ गेले की २४ उरतात, म्हणजे ४.३ मीटर रुंद डॉर्मर. एक बेडरूम आणि छोटं बाथरूम त्यात सहसा बसतं. त्याचं सर्टिफिकेट हातात आलं की मोठ्या आराखड्यासाठी परमिशनचा अर्ज टाकावा आणि 'परवानगीशिवायही आम्ही एवढं बांधू शकतो' म्हणून ते सर्टिफिकेट सोबत जोडावं. कौन्सिलला ते विचारात घ्यावं लागतं. आणि तोवर बिल्डरला मोठ्या डॉर्मरचं स्टील मागवू देऊ नका.